टेस्टचा साचा आणि वडप्याची गाडी

मुंबई-नाशिक महामार्गावर भिवंडी मागे पडली की वडपे लागतं. रस्त्यांच्या कागदपत्रांत हे नाव सतत भेटतं : माजिवडा ते वडपे, वडपे ते गोंदे. जवळच आमण्याला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग येऊन संपतो. त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. आजूबाजूला गोदामंच गोदामं. त्या गोदामांतून निघणाऱ्या गाडीबरोबर बिल, बिल्टी, ई-वे बिल असे कागद जातात आणि ते आता माणूस लिहीत नाही, सॉफ्टवेअर लिहितं.

सॉफ्टवेअरचा हिशेब बरोबर आहे का, हे पाहणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला युनिट टेस्ट म्हणतात. एका फंक्शनला ठरावीक माहिती द्यायची, ते काय उत्तर देतं ते घ्यायचं आणि आपल्याला अपेक्षित असलेल्या उत्तराशी ताडायचं. जुळलं तर हिरवं, नाही जुळलं तर लाल. बिल वेक यांनी २००१ साली या तीन पायऱ्यांना नाव देऊन टाकलं : मांडणी, कृती, पडताळणी. पायऱ्या दर वेळी त्याच असल्याने बहुतेक गट एक तयार साचा ठेवतात आणि नवी टेस्ट लिहिताना तो उचलून त्यात आपली माहिती भरतात.

हा साचा असावा की नसावा, हा वाद मी इथे एका मामा-भाचीच्या तोंडी घातला आहे. मामांनी उमेदीची वर्षं कोबोलमध्ये पगाराचे आणि व्याजाचे हिशेब लिहिले. भाची वडप्याच्या गोदामांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहिणारा छोटा गट सांभाळते. माझं स्वतःचं मत आहे आणि ते मी मधे मधे सांगणार आहे.

भाची : मामा, नवीन पोरांना रिकामी फाइल दिली की ती नुसती बघत बसतात. पडघ्याचा, शहापूरचा मुलगा कॉलेजातून थेट येतो. कोड येत असतो, टेस्ट कधी लिहिलेली नसते. मी त्याला साचा देते. वर टेस्टचं नाव, खाली मांडणी, मग फंक्शनला हाक, शेवटी पडताळणी. पहिल्याच दिवशी त्याची टेस्ट उभी राहते.

मामा : उभी राहते ते दिसतंय. कशावर उभी आहे ते सांग. हे ई-वे बिलाची मुदत काढणारं फंक्शन घे. नियम काय आहे?

भाची : २०० किलोमीटरपर्यंत एक दिवस. त्यापुढे दर २०० किलोमीटरला किंवा त्याच्या उरलेल्या तुकड्याला आणखी एक दिवस.

मामा : आणि तुझ्या पोरांनी तपासलेली अंतरं? १००, ३००, ५००. साच्यात नमुन्याला १०० होतं, एकाने ३०० केलं, दुसऱ्याने ५००. आता समज, कोणी फंक्शनमध्ये लिहिलं की अंतराला २०० ने भाग, अपूर्णांक सोड, एक मिळव. १०० ला एक दिवस, बरोबर. ३०० ला दोन, बरोबर. ५०० ला तीन, तेही बरोबर. नागपूरची ७०१ किलोमीटरची गाडी घातली तरी चार दिवस, बरोबर. सगळं हिरवं. पण २०० ला दोन दिवस येतात आणि ते चूक आहे. ४०० ला तीन येतात, तेही चूक.

भाची : म्हणजे साच्यात चूक नाही, साचा अपुरा आहे. मी त्यात दोन जागा वाढवते : नेमकी सीमा आणि सीमेच्या एक पुढे. साचा उचलणाऱ्याला त्या दोन जागा भरल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही. तुझ्या डोक्यात वर्षानुवर्षं मुरलेली गोष्ट त्या पोराला पहिल्या दिवशी मिळते. रिकाम्या फाइलने ती कशी मिळाली असती?

इथे भाचीचा मुद्दा वजनदार आहे. अनुभवी माणूस सीमेवर बोट ठेवतो कारण तिथे तो पूर्वी पोळलेला असतो. तो अनुभव दुसऱ्यापर्यंत पोचवायचे मार्ग थोडे आहेत आणि प्रश्नांनी भरलेला साचा हा त्यातला एक चांगला मार्ग आहे. युनिट टेस्टची पद्धतच मुळात अशी पसरली. केंट बेक यांनी १९९४ साली स्मॉलटॉक भाषेसाठी टेस्टची एक साधी चौकट छापून मांडली. १९९७ मध्ये झुरिकहून अटलांटाला जाणाऱ्या विमानात ते आणि एरिख गामा शेजारी बसले आणि तीच चौकट त्यांनी जावासाठी लिहिली. जेयुनिट ते हेच. आज पायथन असो की डॉटनेट, बहुतेक भाषांत तिची भावंडं सापडतात. आधी तयारी, मग टेस्ट, मग आवराआवर हा क्रम त्या चौकटीतच ठरलेला आहे. तेव्हा साच्याविना टेस्ट लिहा असं सांगणाराही एका साच्यातच उभा असतो.

मामा : चौकटीबद्दल माझी तक्रार नाही. चौकटीत आधीच रंगवून ठेवलेल्या चित्राबद्दल आहे. अँड्रॉइड स्टुडिओत नवा प्रकल्प उघड. एक टेस्ट आयती मिळते : दोन अधिक दोन बरोबर चार. चालवली की हिरवी. जँगोच्या जुन्या आवृत्त्यांत नव्या ॲपबरोबर अशीच टेस्ट यायची, एक अधिक एक बरोबर दोन. अँग्युलरमध्ये प्रत्येक नव्या भागाबरोबर टेस्ट जन्माला येते आणि ती एवढंच विचारते, हा भाग तयार झाला का? लोक ती तशीच ठेवतात. काहीही न तपासता फोल्डर हिरवंगार.

भाची : सगळी साधनं तशी नाहीत. पायचार्ममध्ये टेस्टची नवी फाइल उघडलीस तर आत लिहिलेलं असतं, खरं बरोबर खोटं. चालवली की लगेच लाल. नेटबीन्स जेयुनिटची टेस्ट तयार करून द्यायचं तेव्हा शेवटच्या ओळीत मुद्दाम नापास करणारी हाक असायची आणि वर सूचना, की आधी हे तपासा आणि मगच ही ओळ काढा.

मामा : हां. ती ओळ घालणारा माणूस मला भेटला असता तर मी त्याला चहा पाजला असता.

माझं मत इथे पक्कं झालं. दोन्ही प्रकार साचेच आहेत, दोन्ही सारखाच वेळ वाचवतात. फरक आहे तो जन्मतः रंग कोणता यात. जन्मतः हिरवा साचा लिहिणाऱ्याला सांगतो की काम झालं. जन्मतः लाल साचा सांगतो की अपेक्षित उत्तर अजून कोणी दिलेलं नाही. साच्याने मांडणीची जागा द्यावी, नावं द्यावीत, प्रश्न विचारावेत. उत्तर मात्र देऊ नये. उत्तर दर वेळी बाहेरून यायला हवं : नियमातून, अधिसूचनेतून, नाहीतर गोदामात बिलं करणाऱ्या माणसाकडून. बिलाचं गणित कितीही अवघड असलं तरी ही एक अट पाळली की टेस्टला अर्थ राहतो.

भाची : तू म्हणतोस ते मला पटतं, पण मग पोरं काय करतात माहीत आहे? अपेक्षित उत्तर म्हणून पुन्हा तोच भागाकार टेस्टमध्ये लिहितात. कोडात जी मर्यादा आहे तीच टेस्टमध्ये आयात करतात.

मामा : आणि ती टेस्ट कधीच पडत नाही. ई-वे बिलाच्या मुदतीचा नियम आधी १०० किलोमीटरला एक दिवस असा होता. १ जानेवारी २०२१ पासून २०० झाला. अशी टेस्ट ३१ डिसेंबरला हिरवी, १ जानेवारीलाही हिरवी. कोणी चुकून मर्यादा २००० केली असती तरी हिरवीच. टेस्टमध्ये लिहायचं कसं? ७०१ किलोमीटर, चार दिवस. बोटांनी मोजून काढलेला चार. जुन्या नियमाने त्या जागी आठ असता आणि कोडात नियम बदलला त्या दिवशी टेस्टने ओरडून सांगितलं असतं.

भाची : आकडा म्हणून लिहायचा, सूत्र म्हणून नाही.

मामा : हेच तुझ्या साच्यात वर लिहून ठेव.

भाची : पण एक अपवाद मला हवाच. आमच्याकडे जुना कोड आहे. लिहिणारा निघून गेला, नियम कुठे लिहिलेला नाही, एकही टेस्ट नाही. तिथे मी आधी कोड चालवते, तो जे उत्तर देतो तेच अपेक्षित म्हणून टिपून ठेवते. मायकेल फेदर्स यांनी २००४ च्या आपल्या पुस्तकात जुन्या कोडसाठी हीच वाट दाखवली आहे. जावास्क्रिप्टच्या जेस्टमधला स्नॅपशॉट याच जातीचा. उत्तर बरोबर आहे असा माझा दावा नसतो. मी हात लावल्यावर ते बदललं तर मला कळावं, एवढंच.

मामा : तेवढंच असेल तर हरकत नाही. पण त्या टेस्टच्या नावातच लिही की हे आज जसं आहे तसं, खरं-खोटं ठरलेलं नाही. नाहीतर वर्षाने कोणीतरी चुकीचं उत्तर दुरुस्त करायला जाईल, टेस्ट लाल होईल आणि तो घाबरून चूक परत आणेल.

कोडातूनच उत्तर उचलण्याचं हे टोक आता फार जवळ आलं आहे. कोड वाचून टेस्ट लिहून देणारे एआय सहायक सगळ्यांच्या हाताशी आहेत. त्यांच्यापुढे फक्त कोड ठेवला, नियम ठेवलाच नाही, तर ते अपेक्षित उत्तर कोडातूनच काढणार. दुसरीकडून आणतील कुठून? म्हणजे बाराशे टेस्ट आल्या तरी त्या कोडाला त्याचंच म्हणणं परत ऐकवतात. नियमाचा मजकूर आणि हाताने काढलेली चार उत्तरं सोबत दिली तर तेच साधन उपयोगी पडतं, हेही मी पाहते आहे.

भाची : मामा, कोबोलमध्ये तुम्ही तरी नवा प्रोग्रॅम कुठे कोऱ्या कागदावर लिहायचात? जुना घ्यायचा, वरचे भाग तसेच ठेवायचे, मधला बदलायचा. पुण्यात टाटांची टीआरडीडीसी ही संशोधन संस्था १९८१ साली उभी राहिली, तिथे तर मॉडेलवरून कोड तयार करून देण्यावर वर्षानुवर्षं काम झालं. मास्टरक्राफ्ट हे साधन त्यातूनच आलं. साच्यातून कोड काढायला तुमची पिढी आमच्याआधी शिकली.

मामा : कोड साच्यातून येऊ दे गं. तो चुकला तर टेस्ट पकडेल. पण टेस्टच साच्यातून चुकून आली तर तिला कोण पकडणार?

या प्रश्नावर भाची गप्प बसली असती तर लेख इथेच मामांच्या बाजूने संपला असता. पण प्रश्नाला उत्तर आहे आणि ते जुनं आहे. रिचर्ड लिप्टन यांनी विद्यार्थी असताना १९७१ साली ही कल्पना मांडली; डीमिलो, लिप्टन आणि सेवर्ड यांचा त्यावरचा प्रसिद्ध निबंध १९७८ चा. कोडात मुद्दाम एक बारीक चूक घालायची : ‘पेक्षा जास्त’च्या जागी ‘पेक्षा जास्त किंवा तितकंच’, अधिकच्या जागी उणे. मग सगळ्या टेस्ट चालवायच्या. एकही लाल झाली नाही तर टेस्टमध्ये भोक आहे. जावासाठी पिट नावाचं साधन हे आपोआप करतं.

भाची : टेस्टमधली अशी कितीतरी भोकं पिट रात्रीत दाखवतं. तुझ्यासारखा माणूस प्रत्येक टेस्ट वाचायला बसवता येत नाही. हे बसवता येतं.

मामा : भोक दाखवेल. भोकात काय भरायचं ते सांगेल का?

भाची : नाही. ते काकांना विचारावं लागतं.

काका म्हणजे गोदामात बिलं करणारे गृहस्थ. भाचीच्या साच्यातला मला सर्वांत आवडलेला भाग त्यांच्यासाठी आहे. पायटेस्टमध्ये आणि जेयुनिटमध्ये एकच टेस्ट अनेक ओळींच्या तक्त्यावर चालवता येते. वरचा कोड एकदाच लिहायचा, खाली फक्त तक्ता : अंतर, बिल केल्याची वेळ, मुदत कधी संपते. शेवटचा रकाना कोरा ठेवून ती तक्ता छापते आणि काकांकडे देते. काकांना कोड येत नाही. त्यांना गाडी आणि मध्यरात्र कळते.

भाची : काकांनी मला जे सांगितलं ते मी कोडातून कधीच शोधलं नसतं. मुदतीचा पहिला दिवस बिल केल्यापासून चोवीस तासांचा नसतो. बिल ज्या तारखेला केलं तिच्या दुसऱ्या दिवसाच्या मध्यरात्री तो संपतो. म्हणजे १० तारखेला रात्री ११:५८ ला बिल केलं, तर ११ तारीख संपते तेव्हा पहिला दिवस संपला. तेच बिल सहा मिनिटं थांबून ११ तारखेला १२:०४ ला केलं, तर १२ तारीख संपेपर्यंत चालतं. सहा मिनिटांत एक दिवस.

मामा : आणि सर्व्हर कुठल्या घड्याळावर चालतो?

भाची : यूटीसीवर. आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. रात्री १२ ते पहाटे ५:३० या वेळात केलेलं बिल त्याच्या लेखी आदल्या तारखेचं. माझ्या लॅपटॉपवर भारतीय वेळ, तिथे हिरवं. सर्व्हरवर मुदत एक दिवस आधी संपलेली. गाड्या रात्रीच भरल्या जातात, म्हणजे चूक नेमकी कामाच्या वेळेत. आता साच्यात वेळेबरोबर टाइमझोन लिहिल्याशिवाय टेस्ट चालतच नाही.

मामा : हे चांगलं केलंस. आता दर बघू. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक मालासाठी गेले. तुझ्या साच्यात नमुन्याला किती टक्के होते?

भाची : १२. त्यातून उचललेल्या सगळ्या टेस्ट १२ वर उभ्या होत्या. एका पोराने सगळीकडे १२ शोधून ५ करून टाकले.

मामा : आणि २१ तारखेच्या बिलावरचा माल परत आला तर?

भाची : क्रेडिट नोट जुन्याच दराने. म्हणून मी ते बदल परत फिरवले. १२ च्या टेस्ट काढायच्या नव्हत्या, त्यांना तारीख द्यायची होती. २१ तारीख, १२ टक्के. २२ तारीख, ५ टक्के. दोन्ही ओळी शेजारी शेजारी.

मामांना हवं ते इथे सापडलं. पडताळणीतलं उत्तर साच्याने देऊ नये, एवढं म्हणून भागत नाही. मांडणीतही उत्तरं लपून बसतात. टेस्टसाठी लागणारं खोटं बिल दर वेळी पूर्ण लिहायचा कंटाळा येतो, म्हणून गट एक सोयीचं फंक्शन लिहितात : काही न सांगता हाक मारली तर ठरलेल्या माहितीचं बिल तयार. ती सोय खरी आहे आणि मोठी आहे. पण न सांगितलेली प्रत्येक गोष्ट तिथे कोणीतरी आधीच ठरवलेली असते आणि टेस्ट वाचणाऱ्याला ती दिसतही नाही.

मामा : तुझं ते नमुना बिल उघड. घेणाऱ्याचं राज्य?

भाची : २७, महाराष्ट्र.

मामा : देणारा वडप्याचा, घेणाराही महाराष्ट्रातला. मग प्रत्येक टेस्टमध्ये केंद्राचा आणि राज्याचा कर निम्मा निम्मा. राज्याबाहेर जाणाऱ्या मालावरचा आयजीएसटी एकदाही आला नाही. आणि ८०,००० चा माल घे. नाशिकला चालला तर ई-वे बिल लागत नाही, राज्यातल्या राज्यात १ लाखापर्यंत सूट आहे. तोच माल वापीला चालला तर लागतं, तिथे मर्यादा ५०,०००. या दोन ओळी आहेत का कुठे?

भाची : नाहीत. कोणाला राज्य बदलायचं सुचलंच नाही, कारण राज्य लिहावंच लागत नव्हतं. काढते. राज्य आणि तारीख, दोन्ही सक्तीचे करते. ग्राहकाचं नाव, पत्ता, गाडीचा नंबर हे ठेवू ना? त्यांनी हिशेब बदलत नाही.

मामा : ते ठेव. ज्याने उत्तर बदलतं ते टेस्टमध्ये डोळ्यांसमोर हवं. ज्याने बदलत नाही ते साच्यात लपलं तरी चालेल. अंतर किती ठेवलंयस?

भाची : ५०. सहज ठेवलं होतं.

मामा : आणि माल?

भाची : कापड. भिवंडी म्हणून.

मामा : जॉबवर्कला जाणारं सूत, कापड, तयार कपडे महाराष्ट्रात ५० किलोमीटरपर्यंत जात असतील, तर किंमत कितीही असो, ई-वे बिल लागत नाही. गोदामातून यंत्रमागावर, तिथून प्रोसेसला, सगळं त्यातच बसतं. तुझ्या नमुना बिलात जॉबवर्कची खूण केलेली असेल तर काय होईल, बघ.

भाची : थांब, बघते. आहे. खूण आहे. म्हणजे ‘ई-वे बिल लागतं का’ याच्या आमच्या सगळ्या टेस्टना ‘नाही’ हेच उत्तर येत असणार, आणि पोरांनी किमतीची मर्यादा तपासली असं समजून तेच अपेक्षित म्हणून लिहिलं असणार.

मामा : ५० हा आकडा अजून एका नियमात आहे. माल पाठवणाऱ्याकडून ट्रान्सपोर्टरच्या गोदामापर्यंत राज्यातल्या राज्यात ५० किलोमीटरपर्यंत जायचं असेल, तर ई-वे बिलाचा भाग ब, म्हणजे गाडीचा तपशील, भरावा लागत नाही.

भाची : मग अंतर, माल आणि जॉबवर्कची खूण, तिन्ही सक्तीचे. टेस्टमधली ओळ लांब होईल, पोरं कुरकुरतील.

मामा : होऊ दे लांब. ५० आणि ५१, जॉबवर्क असलेलं आणि नसलेलं, भाग अ आणि भाग ब. एवढ्या ओळी आज काढ, उत्तराचा रकाना कोरा ठेव.

भाची : काकांची पाळी दोनला सुटते. त्याआधी छापून देते.